गाणं कोण निवडणार?

ल्युकेमिया झालेल्या मुलाच्या पाठीतलं पाणी काढताना त्याला कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घ्यायला लावतात आणि हलू नकोस म्हणून बजावतात. मग दोन मणक्यांच्या मधून सुई. उपचारात हे पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि सरावाने भीती मोडते असंही नाही.

व्हिएतनाममध्ये हनोईच्या बालरुग्णालयात ७ ते १२ वर्षांच्या अशा ४० मुलांची पाहणी झाली. ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. हेडफोन सगळ्यांच्याच कानांवर होते, गाणी मात्र निम्म्यांनाच ऐकू येत होती. उरलेल्या वीस जणांच्या वाट्याला नुसते मुके हेडफोन. जरा निष्ठुरच वाटतं, पण त्याशिवाय गाण्याचा गुण कळणार कसा? गाणी ऐकणाऱ्यांना दुखलं कमी, नाडी आणि श्वासही तुलनेने संथ राहिले.

म्हणून वॉर्डात स्पीकर टांगून दिवसभर बासरी सोडायची, असं मात्र नाही. दवाखान्यातल्या मुलाला तसंही कोणी काही विचारत नाही. सलाइन कधी, जेवण काय, भेटायला कोण, सगळं दुसरेच ठरवतात. त्यात नको असलेल्या बासरीची भर कशाला?

अमेरिकेत संशोधक शेरी रॉब आणि सहकाऱ्यांनी कॅन्सर झालेल्या ४ ते ७ वर्षांच्या ८३ मुलांचे तीन गट केले. एकाने गाणी ऐकली, दुसऱ्याने गोष्टी, तिसऱ्याने संगीत थेरपिस्टबरोबर स्वतः गायलं-वाजवलं. जास्त हसली आणि रमली ती तिसऱ्या गटातली मुलं. अशा वेळी मुलाने डफ बडवला की थेरपिस्टची गिटारही चढते. तो थांबला की तीही थांबते. तेवढा वेळ हुकूम त्याचा. केमोने पांढऱ्या पेशी घसरलेल्या असतात, म्हणून प्रत्येक वाद्य आधी जंतुनाशकाने पुसायचं. साहजिकच कातड्याच्या ढोलकीपेक्षा प्लास्टिकच्या खुळखुळ्याचा भाव इथे वधारतो.

गाण्याने कॅन्सर बरा होतो, असं यातलं कोणीच म्हणत नाही. रॉब यांच्याच २०१४ च्या अभ्यासात स्टेम सेल ट्रान्सप्लांटसाठी दाखल असलेल्या ११ ते २४ वयाच्या रुग्णांनी स्वतः गाणं लिहून त्याचा व्हिडिओ केला. औषधं चालूच होती. ट्रान्सप्लांटनंतर १०० दिवसांनी पाहिलं, तर या मुलांचं घरच्यांशी आणि मित्रांशी अधिक जुळत होतं. आपलं पोर कशातून जातंय, हे त्या व्हिडिओतून उमगलं, असं काही आईवडिलांनी सांगितलं.