मनिऑर्डरची कुपनं

रत्नागिरी

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या ट्रंकेतल्या मनिऑर्डरच्या कुपनांचा फोटो बघून तू विचारलंस, ‘आत्या, हे कागद ती का जपायची?’ फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं, पण मग मलाच चैन पडेना.

तेव्हा वाडीत घरटी एक माणूस मुंबईला. तुझे आजोबा लालबागला गिरणीत, साचेखात्यात. पगार झाला की चार-सहा दिवसांत पोस्टमन सडा उतरून यायचा. तो दिसला की आमच्या गडग्यापाशी दोन-चार डोकी जमलीच! ओटीवर बसून, बोट थुंकीने ओलं करून तो नोटा मोजायचा, तेही मोठ्याने. मग कुपनावरचा मजकूर वाचायचा: ‘पैसे पोचल्याचं कळव. लावणीला गडी दोनच घे.’ नवऱ्याने बायकोला लिहिलेलं, नि ऐकायला अख्खी वाडी. आई अंगठा द्यायची, शाई केसांना पुसायची आणि त्याच्यासाठी चहा टाकायची.

गंमत बघ, घरात किती आले ते शेजारणीला ठाऊक, पण नवऱ्याला पगार किती ते आईला ठाऊक नाही. बाईने विचारलं म्हणजे संशय घेतला, असं धरून चालायचे. म्हणून ती कुपनं ठेवायची. रात्री मला आकडे वाचायला लावायची. गेल्या महिन्यापेक्षा तीस कमी आले, की समजायची, तिकडे काहीतरी बिनसलंय.

१८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. मनिऑर्डर थांबली. आजोबा शिमग्याला आले ते राहिलेच. तुझा बाबा तेव्हा पाचवीत होता की सहावीत, आता आठवत नाही. एका रात्री आजोबांनी सगळं सांगितलं: पतपेढीचं कर्ज, खानावळीची उधारी, पठाणाचं व्याज. आई म्हणाली, “कर्ज फिटेल हो. पण मला का नाही सांगितलंत?” नंतर दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी आंब्याची कलमं कराराने द्यायला स्वतः बोलायला बसली, आणि व्यापाऱ्याने सांगितलेल्या भावाला मान हलवली नाही.

पुढे २०१५ साली पोस्टाने ती जुनी मनिऑर्डर बंदच केली.

तू नि कार्तिक खर्च अर्धा अर्धा करता म्हणे. भाजीचासुद्धा? असो, तुमचं तुम्ही बघा. पण खर्च वाटून घेणं वेगळं आणि सांगणं वेगळं. शिक्षणाचं कर्ज किती उरलंय, बाबाला महिन्याला किती पाठवतेस, हे त्याला माहीत आहे ना? त्याच्या घरी तो काय पाठवतो, तेही विचार. आणि मराठीत विचार गं, कॅनडात बसून दोघं रत्नागिरीची असून इंग्रजीत भांडता, ते मला बघवत नाही.

आता एक गोष्ट, जी बाबा तुला सांगणार नाही. गेल्या वर्षी त्याने माझ्यापुढे हक्कसोडपत्र ठेवलं. मी म्हटलं, आधी सातबारा दाखव. आपल्या महाराष्ट्राने १९९४लाच मुलींना वडिलोपार्जितात बरोबरीचा हिस्सा दिलाय. तो चिडला. सातबारा आणला, तर चुलत-चुलत्यांची एवढी नावं की वाचता वाचता चहा निवला. सही मी अजून केलेली नाही. आमचं भांडण नाही. परवाच त्याला कुळथाची पिठी पाठवली.

मे महिन्यात येशील तेव्हा हे बाबासमोरच बोलू. कार्तिकलाही बसव.

तुझी,
आत्या