जादवपूरची सकाळ

कोलकात्यास गेलेल्या पाहुण्याला हावड्याचा पूल, कालीघाट आणि व्हिक्टोरिया स्मारक दाखविण्यास सर्वच उत्सुक असतात. जादवपूरचे रेल्वेस्थानक पाहावयास चला, असे मात्र कोणी म्हणत नाही. तरीही वाचकहो, एखादी सकाळ हाताशी असेल तर ती तेथे घालवावी, अशी माझी शिफारस आहे. सियालदाच्या दक्षिण शाखेवर बालीगंज आणि ढाकुरिया मागे टाकले की हे स्थानक लागते. सियालदापासून अर्ध्या तासाचाही प्रवास नाही.

हा लोहमार्ग कोलकात्याच्या चाकरमान्यांसाठी टाकलेला नव्हता. सुंदरबनाच्या तोंडाशी, मातला नदीच्या काठी, कॅनिंग येथे कलकत्त्याला पर्यायी बंदर उभारावे असा इंग्रज सरकारचा बेत होता आणि त्यासाठी १८६२-६३ साली तेथवर रूळ नेण्यात आले. ही जागा वादळाच्या लाटेत बुडेल, असे हेन्री पिडिंग्टन या गृहस्थाने आधीच बजावले होते. ‘सायक्लोन’ हा शब्द जगाला देणारा हाच तो पिडिंग्टन. त्याचे कोणी ऐकले नाही. १८६७ च्या वादळाने बंदराची वाताहत झाली. बंदर गेले, रूळ मात्र राहिले.

स्थानकाबाहेर पडून बाजाराच्या गर्दीतून काही मिनिटे चालले की राजा सुबोधचंद्र मल्लिक मार्ग येतो आणि विद्यापीठाची कुंपणभिंत दिसू लागते. या ‘राजा’ला राज्य नव्हते आणि त्याची पदवीही सरकारने दिलेली नव्हती. वंगभंगाच्या चळवळीत, १९०५ साली, राष्ट्रीय शिक्षणासाठी त्यांनी एक लाख रुपये दिले, तेव्हा लोकांनीच त्यांना राजा म्हणावयास आरंभ केला. १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य अरविंद घोष हे बडोद्यास गायकवाड सरकारच्या नोकरीत असताना मराठी शिकलेले होते. देवघरजवळ जन्मलेले आणि बंगाली लेखक म्हणून गाजलेले सखाराम गणेश देउस्कर यांनीही परिषदेच्या शिक्षणकार्यात अध्यापन केले. त्यांचा ‘देशेर कथा’ हा १९०४ सालचा ग्रंथ पुढे सरकारने जप्त केला. घरात मराठी आणि लेखणीत बंगाली अशा या माणसाची आठवण आपण फारशी ठेवलेली नाही, हे जाता जाता नमूद करतो. परिषदेच्या याच कार्यातून १९५५ साली जादवपूर विद्यापीठ उभे राहिले. बुद्धदेव बसू यांनी तौलनिक साहित्याचा देशातील पहिला विभाग येथे १९५६ मध्ये उघडला. त्याच वर्षी अमर्त्य सेन अर्थशास्त्राचे विभागप्रमुख झाले, तेव्हा त्यांना तेविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. लोकवर्गणीच्या पोटी जन्मलेल्या या विद्यापीठाचे शुल्क आजही अत्यल्प आहे.

परंतु मी तुम्हाला सकाळी बोलावले ते विद्यापीठासाठी नव्हे. वर्ग भरण्याच्या कितीतरी आधी, उजाडता उजाडता कॅनिंगकडील गाड्या येऊ लागतात आणि त्यांतून बायकांचे थवेच्या थवे उतरतात. घर सोडले तेव्हा काळोख होता. वाटेत कोणाला होडी, कोणाला सायकलीची गाडी, मग आगगाडी. आता त्या ढाकुरिया-जादवपूरच्या घरांतून धुणी, भांडी, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा अशी तीन-चार घरची कामे उरकतील आणि दुपारच्या गाडीने परततील. २५ मे २००९ रोजी ‘आयला’ चक्रीवादळाने सुंदरबनचे बांध फोडले. शेतांत खारे पाणी शिरले आणि पुढे कित्येक हंगाम भात धरेना. तेव्हापासून या गाड्यांतील गर्दीत भर पडली.

शहरी माणसांनी या गाडीला ‘झी लोकल’ असे नाव ठेवले आहे. बंगालीत ‘झी’ म्हणजे मोलकरीण. भाषांतर हा ज्याचा रोजचा व्यवसाय, त्याला हा शब्द सहज ओलांडता येत नाही. कारण ‘झी’चा मूळ अर्थ मुलगी. संस्कृतातली दुहिता ती हीच, आणि कोकणीतली ‘धूव’ही तिचीच बहीण. लेक या अर्थाचा शब्द झिजत झिजत हिणविण्याचा कसा झाला, याचा इतिहास कोणी लिहावा. तोंडावर मात्र त्याच बाईला ‘माशी’, म्हणजे मावशी, म्हणतात. आपण तरी वेगळे काय करतो? शाळेत शिकविणारीही ‘बाई’ आणि भांडी घासणारीही ‘बाई’, पण दोन्हींचा स्वर निराळा.

२०२० च्या मार्चअखेरीस साथीमुळे उपनगरी गाड्या थांबल्या. त्या ११ नोव्हेंबरपर्यंत सुरू झाल्या नाहीत. मध्यंतरी २० मे रोजी ‘अंफान’ वादळाने त्याच किनाऱ्यावर पुन्हा झोड उठविली. घराचे छप्पर गेले आणि शहरातील काम गाठण्याचा मार्गही बंद, अशी स्थिती. कित्येक घरांनी पगार चालू ठेवले, कित्येकांनी ठेवले नाहीत. २०२१ मध्ये मे ते ऑक्टोबर गाड्या पुन्हा बंद होत्या. शहराला तेव्हा घराघरांत आपली भांडी आपण घासावी लागली. पुढे गाड्या धावू लागल्या, तेव्हा सुटलेली सर्व कामे सर्वांना परत मिळाली असे नाही.

आठ-साडेआठनंतर फलाटाचा रंग पालटतो. खांद्यावर पिशव्या अडकविलेली मुले-मुली उतरू लागतात. त्यांतील बरीचशी सोनारपूर, बारुईपूर, कॅनिंग याच बाजूची असतात. स्थानकाबाहेरील रस्ता दोघींचा एकच, मावशीचा आणि विद्यार्थिनीचा. पुढे एक भिंतीच्या आत वळते, दुसरी भिंतीवरून पुढे जाते.

तेव्हा गेलात तर सातच्या आत जा आणि चहा फलाटावरच घ्या. परतताना, दुपारच्या कॅनिंग गाडीत, महिला वाचकांनी बायकांच्या डब्यात अवश्य शिरावे. तेथे जागा नसली तरी सरकून करून देतात, आणि सोनारपूर येईपर्यंत तुमचे गाव, मुले, घरभाडे हे सारे विचारून होते. पुरुष वाचकांना शेजारच्या डब्यातून नुसता तो गलबला ऐकावा लागेल.