तुळशीत भांग

वीस वर्षे मी वर्गात म्हणी शिकवीत आलो आहे. 'तुळशीत भांग नि भांगेत तुळस' ही म्हण आली, की चांगल्या घरातल्या एखाद्या बिघडलेल्या मुलाचा दाखला द्यायचा आणि पुढे सरकायचे, हा माझा शिरस्ता. मुलेही ती निमूटपणे उतरवून घेतात. पण एखादी म्हण आपल्याच परसात, आपल्याच तुळशीशेजारी उगवून छातीएवढी वाढेल, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

आमचे घर पुण्यातल्या एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर आहे. मागे दोन खाटा मावतील एवढे परस. तिथे तुळस, कढीलिंब आणि सायकलींचा सांगाडा. गेल्या मार्गशीर्षात वडील गेले आणि उन्हाळ्यात मी आईला वऱ्हाडातून इकडे घेऊन आलो. ती आली खरी, पण आमच्याकडे राहत होती असे म्हणवत नाही. नुसती बसलेली असायची. पुढ्यात पोथी उघडी आणि नजर भिंतीवर. जेवायला हाक मारली की यायची, पुरे म्हटले की उठायची.

मृगाचा पाऊस पडून गेल्यावर एके सकाळी परसातून तिची हाक ऐकू आली, "अरे, इकडे ये! अंबाडी उगवली बघ!"

सहा महिन्यांत तिने मला अशी हाक मारली नव्हती. मी तोंडातला ब्रश तसाच घेऊन धावलो. तुळशीच्या कुंडीपाशी वीतभर रोपटे उभे होते. पाने हाताच्या बोटांसारखी. मी भाषेचा माणूस. मला मेथी आणि कोथिंबीर यांतला फरक बायको सांगेल तेव्हा कळतो. मी मान डोलावली.

वऱ्हाडातल्या माणसाला अंबाडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वर लसणाची फोडणी ओतलेली भाजी हा तिचा एक अवतार. दुसरा अवतार दोराचा. झाडे पाण्यात कुजवून त्यांचा वाख काढायचा, आणि पोळ्याआधी वडील ओसरीवर बसून त्याचे दोर वळायचे. आईने रोपट्यापुढे फतकल मारली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे भाजी होती की ती ओसरी, हे विचारायचा मला धीर झाला नाही.

मग त्या झाडाचे कोडकौतुक सुरू झाले. तांदळाचे धुवण त्याला, पातळ ताक त्याला, चहाचा चोथा त्याला. कॉलनीमागच्या गवळ्याकडून शेण-गोमूत्र आले. त्यात गूळ आणि बेसन कालवून मडक्यात आंबवत ठेवले गेले. हल्ली याला जीवामृत म्हणतात. आमच्या सौभाग्यवतीने त्याला निराळे नाव दिले होते, पण ते छापण्याजोगे नाही. "अहो, पाहुणे यायचेत," ती नाकाला पदर लावून म्हणायची. पण मडके हलवा असे तीही कधी म्हणाली नाही. कारण आई आता दोन पोळ्या खात होती.

श्रावणात झाड माझ्या छातीला लागले. वरच्या मजल्यांवरून लोक वाकून पाहू लागले. दृष्ट लागेल म्हणून आईने आपले जुने लुगडे दोरीवर आडवे बांधून आडोसा केला.

गौरी-गणपतीच्या सुट्टीत एक विद्यार्थी निबंध दाखवायला आला. परसाच्या दारातून त्याची नजर आडोशामागे गेली आणि तो एकदम अदबीने उभा राहिला. वर्षभर माझ्या व्याख्यानांनी जे साधले नव्हते, ते त्या झाडाने साधले होते.

"सर, हे तुमचं?"

"आईचं. अंबाडी आहे."

"सर," तो खाली पाहत म्हणाला, "अंबाडी नाही ही. भांग आहे."

तो गेल्यावर मी पुस्तके घेऊन बसलो. अंबाडीचे पान एकसंध असते, फक्त बोटांसारखे चिरलेले. आमच्या झाडाला एकेका देठावर सुटी सुटी सात पाती होती आणि त्यांच्या कडांना करवतीचे दात होते. पण ही चूक करणारी आई एकटी नव्हती. लिनियसने १७५३ साली भांगेला 'कॅनॅबिस सटायव्हा' म्हटले, आणि पानांच्या सारखेपणावरून अंबाडीच्या शास्त्रीय नावातही 'कॅनॅबिनस' आले.

वनस्पतिशास्त्राने दिलेला धीर कायद्याच्या पुस्तकाने काढून घेतला. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्याप्रमाणे परवान्यावाचून भांगेचे झाड लावणे हा गुन्हा. दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. मौज अशी, की याच कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. फुलोरा सोबत नसेल तर नुसती पाने आणि बी गांजात मोडत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात परवान्याच्या दुकानांतून भांग विकली जाते. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली आयोग नेमला, त्याने १,१९३ साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदी नको असा निर्वाळा दिला. उत्तराखंडात २०१८ पासून धाग्याच्या जातीच्या लागवडीला परवाने मिळू लागले. पण हे सगळे ज्ञान माझ्या परसात कुचकामाचे होते. मनात गुन्हेगारी हेतू नव्हता, हे सिद्ध करण्याचा भारही आरोपीवरच! आणि आईने तर सगळा पुरावा आपल्या हातांनी रचून ठेवला होता: झाड, खत आणि आडोसा.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. पोलिसांची भीती होती, लोक काय म्हणतील याची त्याहून अधिक. पण खरी धास्ती निराळीच होती. झाड उपटले, की आई पुन्हा त्या भिंतीसमोर जाऊन बसेल.

पहाटे मी हळूच परसात गेलो, तर आई आधीच तिथे होती. लुगड्याच्या गाठी सोडीत होती.

"कालच्या पोट्ट्यानं सांगितलं ते ऐकलं मी," ती म्हणाली. "पण अंबाडी नाही हे मला आषाढातच कळलं होतं. पान चावून पाहिलं. आंबट लागलं नाही."

"मग बोलली का नाहीस?"

ती जरा वेळ गाठीशीच खेळत राहिली.

"भांग आहे हे नव्हतं ठाऊक. आपसूक उगवलं होतं, अरे. सकाळी उठून पाहायला काहीतरी होतं."

आम्ही दोघांनी मिळून झाड उपटले. तिने मुळांची माती तुळशीत झाडली. मग खोडाची एक साल सोलून मांडीवर वळून पाहिली. पीळ घट्ट बसला.

"वाख चांगला निघाला असता," ती म्हणाली, आणि वडील गेल्यानंतर प्रथमच माझ्यासमोर रडली. त्या लुगड्याने इतके दिवस नेमके काय झाकले होते, ते मला तेव्हा कळले.

झाडाचे तुकडे खड्ड्यात पुरले. गावाहून अंबाडीचे बी मागवले. त्याच मातीत, त्याच मडक्यातल्या खतावर ते वाढले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी पहिली भाजी झाली. सौभाग्यवतीने दोनदा मागून घेतली.

परवा वर्गात ती म्हण आली. सवयीप्रमाणे दाखला देणार होतो, पण थांबलो. वीस वर्षे मी तिचा पहिला अर्धाच शिकवीत होतो.