पाण्यात उतरणारा रस्ता

आम्ही कऱ्हाडकर कोयनेला घरची नदी समजतो. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन एकमेकींना भेटतात, त्या प्रीतिसंगमाच्या वाळवंटात आमचे बालपण गेले. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडले की पहिली नजर जायची ती धरणात किती टीएमसी पाणी झाले त्या आकड्यावर. पण नदी घरची असली तरी तिचे माहेर आम्ही कधी नीट पाहिले नव्हते. कोयनानगरला दहा वेळा तरी गेलो असू. बागेत बसून धरणाची भिंत पाहायची, गरम भजी खायची आणि दिवे लागणीच्या आत परत फिरायचे, एवढाच शिरस्ता. भिंतीच्या पलीकडे काय आहे, हा प्रश्न चाळिशी उलटेपर्यंत मला पडला नाही.

तो पडला आमच्या महाविद्यालयातील भूगोलाच्या प्राध्यापकमित्रांमुळे. एके दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी मोबाईलवरचा नकाशा माझ्यापुढे धरला. सड्यावरून एक बारीक रेघ वळणे घेत घेत खाली उतरत होती आणि शिवसागर जलाशयाच्या निळ्या रंगात शिरून नाहीशी होत होती.

"हा रस्ता पाण्यात कशाला जातो हो?" मी विचारले.

"रस्ता पाण्यात जात नाही, सर. पाणी रस्त्यावर आले आहे," ते म्हणाले, आणि लगेच बेत ठरला.

बेत ठरला तरी गाडी हवी. माझ्या मोटारीचे पोट इतके खाली की शाळेपुढच्या गतिरोधकावरही ते घासते. अखेर पाटणच्या बाजूचे तात्या भेटले. साठी ओलांडलेले, डोक्याला टापशी बांधलेले, मोजके बोलणारे. पूर्वी वडाप करीत. आता बाजारच्या दिवशी वाड्यावस्त्यांवर धान्य आणि सिमेंटची पोती पोहोचवतात. त्यांची जीप जुनी, महिंद्रची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन लष्करासाठी जन्मलेली विलीज जीप स्वातंत्र्यानंतर लवकरच या कंपनीने मुंबईत जोडायला घेतली, त्या वंशातली. कापडी टप, लोखंडी फळ्यांची बैठक आणि मुख्य गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन आखूड दांडे.

ते दोन दांडे पाहून आमच्या भूगोलकारांना जे भरते आले ते काही विचारू नका. एक दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो आणि चारही चाके गाडी ओढू लागतात. दुसऱ्याने गाडीची चाल अगदी मंद होते, पण ओढ कितीतरी वाढते. चढाला ती ओढ उपयोगी आणि उताराला तीच चाल लगाम घालते. ब्रेक तापवावा लागत नाही. "अशी गाडी असली म्हणजे रस्ता लागतोच कशाला?" असे ते म्हणाले. तात्या नुसते हसले.

वैशाखातली गोष्ट. आदल्या रात्री मुक्काम कोयनानगरला केला. धरणाच्या भिंतीवर दिवे लागले होते. भिंतीची उंची १०३ मीटर आणि पोटात पाणी जवळपास १०५ टीएमसी. महाबळेश्वरी उगम पावून दक्षिणेकडे धावत आलेली कोयना पुढे हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि आमच्या कऱ्हाडची वाट धरते. पण धरणातले पुष्कळसे पाणी ती वाट धरीतच नाही. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पश्चिमेला पोफळीकडे कोसळते, वीज देते आणि वाशिष्ठीच्या पात्रातून चिपळूणवरून अरबी समुद्राला मिळते. बंगालच्या उपसागराला जायला निघालेले पाणी माणसाने असे उलटे फिरवले. या प्रकल्पाची आजची क्षमता १,९६० मेगावॉट. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगीच नव्हे.

पण कोयनानगरात रात्री झोपताना आणखी एक तारीख आठवल्यावाचून राहत नाही. ११ डिसेंबर १९६७. धरण पुरे होऊन तीनच वर्षे झाली होती. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला, घरे झोपेतल्या माणसांवर पडली आणि पावणेदोनशेच्या घरात माणसे गेली. भिंतीला तडे गेले तरी ती उभी राहिली. पुढे तिला बळकटी देण्यात आली. जलाशयाच्या भाराने भूकंपाला चालना मिळते का, या प्रश्नावर जगभरचे शास्त्रज्ञ तेव्हापासून कोयनेचे नाव घेतात. आमच्या खोलीचा म्हातारा राखणदार मात्र एवढेच म्हणाला, "अजूनबी कधी भांडी वाजत्यात. उठायचं, भायेर बसायचं, परत निजायचं."

सकाळी पाटणवरून घाट चढून पवनचक्क्यांच्या पठारावर आलो. इथले लोक अशा पठाराला सडा म्हणतात. जांभ्या दगडाचा उघडा माळ, वाळून पिवळे पडलेले गवत आणि त्यावर शेकडो पांढरी पाती संथपणे फिरणारी. पवनचक्क्यांपर्यंत रस्ता उत्तम, कारण तो अवजड यंत्रे नेण्यासाठी केलेला. शेवटची चक्की मागे पडली, डांबर संपले आणि तात्यांनी जीप थांबवली. वाटेवर घसरड होती, म्हणून त्यांनी पहिला आखूड दांडा ओढला. "पक्क्या सडकंवर फोरव्हील लावायची न्हाई," ते म्हणाले, "गाडीचं दात झिजत्यात. माती लागली की मग लावायची."

पुढची दीड तासाची वाट मी जन्मात विसरणार नाही. अभयारण्याची हद्द एका बाजूला ठेवून ती वाट पूर्वेच्या काठाकडे उतरते. कारवीच्या जाळीतून जीप जेमतेम मावत होती. करवंदे पिकली होती. हात बाहेर काढला की मूठभर मिळत होती. एका वळणावर एकदम खाली जलाशय दिसला. हिरव्या-काळ्या डोंगरांच्या बेचक्यांत शिरलेले ते निळे पाणी, आणि पलीकडे वासोट्याच्या बाजूची अरण्याने झाकलेली रांग. "वा!" असे माझ्या तोंडून निघते आहे तोच जीप एका चरात कलंडली आणि थांबली.

पुढचे उजवे आणि मागचे डावे अशी दोन चाके अधांतरी. तात्यांनी दुसरा दांडा ओढला. इंजिन गुरगुरले, अधांतरी चाके गरगर फिरली, जमिनीवरची जागची हलली नाहीत. ज्या चाकाला आधार नाही त्याच्याकडेच सगळा जोर पळतो, हे या यंत्राचे वैगुण्य. भूगोलकारांची मुद्रा पाहण्यासारखी झाली. माझे पाय तर लटपटत होते, कारण चरापलीकडे उतार आणि उताराच्या शेवटी पाणी.

तात्यांनी इंजिन बंद केले, खाली उतरून दरीकडे तोंड करून एक आरोळी ठोकली आणि बिडी पेटवली. अर्ध्या तासाने खालच्या वाडीतून दोन बाप्ये आणि एक आजीबाई वर आल्या. कोणी कोणाला काही विचारले नाही. दगड आले, अधांतरी चाकांखाली रचले गेले, आणि जीप निमूटपणे चरातून बाहेर आली. या चाकांखाली दगड घालायची ही काही त्यांची पहिली वेळ नव्हती. आजीबाई आमच्याच जीपमधून खाली आल्या. "पावसाळ्यात ही वाट न्हाई बघा," त्या म्हणाल्या. "मग लाँच. आन् वारं असलं की लाँचबी न्हाई. मग घरात बसायचं." मघाशी याच वाटेला मी मनातल्या मनात रम्य म्हटले होते. आता ते उच्चारायचा धीर झाला नाही.

वाडी वीस-पंचवीस उंबऱ्यांची. तिथे चहा झाला आणि आम्ही पाण्याकडे निघालो. उन्हाळ्याने जलाशय बराच खाली गेला होता. काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा उघडा पडला होता, आणि नकाशातली ती रेघ त्यावर खरोखरच दिसत होती. दोन्ही अंगांना दगडांची ओळ, मधे बैलगाडीच्या रुंदीची सपाटी. ती नीट उतरत जाऊन पाण्यात शिरली होती. गाळ वरून वाळलेला, उतार सौम्य. भूगोलकार पुन्हा फुलले.

"तात्या, घ्या की खाली! फोरव्हीलला हे काहीच नाही. पाण्याला चाक लावू आणि एक फोटो काढू."

खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते.

तात्यांनी काठावरच जीप बंद केली, किल्ली खिशात घातली. "हितनं म्होरं गाडी न्हाई जायाची, सर."

"रुतेल म्हणता?"

"रुतायची न्हाई. पर हे आमचं गाव हाय."

त्यांनी वहाणा काढून जीपपाशी ठेवल्या आणि अनवाणी पुढे निघाले. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि आपापले बूट काढले.

गाळ उन्हाने तापला होता. शंभर पावलांवर दगडी जोत्यांच्या चौकटी दिसू लागल्या. हे अमक्याचे, ते तमक्याचे, असे तात्या सांगत होते. एका जोत्यापाशी थांबले. "हे आमचं. माझा जलम वरच्या वाडीतला, थोरल्या भावाचा हितला." पुढे देवळाचा चौथरा होता. देव उचलून वर नेला, चौथरा राहिला. त्यावर कोणीतरी यंदाही हळदकुंकू वाहून गेले होते. तात्यांनी खाली वाकून नमस्कार केला.

शंभराच्या आसपास गावांना या पाण्याने उठवले. कोणी दूर ठाणे, रायगड, सोलापूरकडे गेले. कोणी, यांच्यासारखे, पाण्याच्या पुढे पुढे डोंगर चढून वर बसले. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. धरण १९६४ मध्येच पुरे झाले होते. पुष्कळांची हक्काच्या जमिनीची वाट पाहण्यात हयात गेली. मी इतकी वर्षे समजत होतो की ही गावे दुर्गम आहेत, कारण सह्याद्री दुर्गम आहे. तसे नव्हते. इथून पाटणला गाड्या जात होत्या, बाजार होत होता, मुली दिल्या-घेतल्या जात होत्या. दुर्गमपणा इथे नंतर आला, पाण्याबरोबर. ज्याला आम्ही आडवाट म्हणून धुंडाळायला आलो होतो तो यांचा हमरस्ता होता, आणि त्याच्या बदल्यात पेटलेल्या दिव्याखाली बसून मी एम.ए. झालो होतो.

परतताना जीपमध्ये फारसे कोणी बोलले नाही. चरापाशी तात्यांनी गाडी थांबवली आणि आम्हा दोघांना खाली उतरवून ते रचलेले दगड वाटेच्या कडेला नीट लावून ठेवायला सांगितले. "उद्या कुणालातरी लागतील."

यंदा ऑगस्टमध्ये वर्तमानपत्रात धरणाचा आकडा वाचला. पूर्वी तो वाढला की आम्हाला बरे वाटे; तसे आताही वाटले, नाही असे नाही. पण त्याबरोबर त्या दगडी ओळींची आठवण झाली. तात्यांना फोन लावला आणि ख्यालीखुशालीनंतर विचारले, "जोते बुडाले का हो?"

"बघाया कोण जातंय, सर? वाट बंद हाय. बुडालंच असंल." मग थोडे थांबून म्हणाले, "चैतात या. तवर दिसाया लागंल. पर गाडी वरच ठेवायची."

"वरच ठेवू, तात्या," मी म्हटले.