आत्याची सही

काकड आरतीचा भोंगा लागला की आजोबा उठायचे आणि पडवीत आडव्यातिडव्या पडलेल्या आम्हा अकरा भावंडांमधून पाय वाचवत मोरीकडे जायचे. शिर्डीतल्या आमच्या पिढीची झोप अशीच मोडायची. रामनवमीला, गुरुपौर्णिमेला त्या पडवीतही आम्हाला जागा नसे. मुंबईहून आलेली माणसं तिथे पथारी टाकायची, आणि आजी त्यांच्याकडून फक्त आंघोळीच्या पाण्याचे पैसे घ्यायची. तेही सरपण महागलं म्हणून.

घरातले कागद पत्र्याच्या एका पेटीत असत. सातबारा, आठ-अ, सोसायटीचं पासबुक, कारखान्याच्या शेअरचा दाखला आणि सगळ्यांच्या तळाशी उदीची पुडी. पेटीला कुलूप नव्हतं. वाटणी ही कागदावर करायची गोष्ट आहे, असं आजोबांना कधी वाटलंच नाही. १९१८च्या दसऱ्याला देह ठेवण्याआधी साईबाबांनी लक्ष्मीबाई शिंद्यांना आधी पाच आणि मग चार असे नऊ रुपये दिले, ही गोष्ट आजी सांगायला लागली की आजोबा हटकून म्हणायचे, "बघा, ना स्टॅम्प ना तलाठी."

आजी चुलीकडे बघत म्हणायची, "रुपये होते म्हणून. नऊ एकर असते तर?"

आमच्याकडे बारा एकर होती. १९८६च्या उन्हाळ्यात आजोबांनी तिन्ही मुलांना बांधावर उभं केलं आणि काठीनं दाखवून वाटून टाकली. पाटाखालची काळी थोरल्या काकांना, पेरूची बाग माझ्या वडलांना आणि नगर-मनमाड रस्त्याकडचा मुरमाड तुकडा धाकट्या काकांना. त्या तुकड्यात कुसळांशिवाय काही उगवत नसे. वर रस्त्यावरची गुरं शिरायची ती वेगळीच. धाकट्या काकू महिनाभर कुणाशी धड बोलल्या नाहीत. दोन्ही आत्या त्या दिवशी घरीच होत्या, ओसरीवर कुरडया घालत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं, त्यांनाही.

आजोबा १९९८ला गेले. वारसनोंद झाली. मुलगे खातेदार म्हणून लागले आणि आत्यांची नावं 'इतर हक्कात' गेली. सातबाऱ्याचा तो उजवीकडचा रकाना म्हणजे घरातली मागची खोली. तिथे सोसायटीचा बोजा, विहिरीचा हिस्सा आणि लेकीबाळी. आजीची मात्र पाळी लागली, महिना-महिना एकेका मुलाकडे. महिना संपला की तिची वळकटी सायकलच्या कॅरिअरवर चढायची. एकतिसावा दिवस कुणाचा, यावरून एकदा दोन सुनांची चांगलीच जुंपली होती. आजी तेव्हा उंबऱ्यावर बसून शेंगा फोडत होती. पुढे २००७चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आला. प्रांताकडे अर्ज करून महिना दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मागता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र अट मोडली तर रद्दही करून घेता येतं. ती अट कागदात लिहिलेली असावी, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. आजीला यातलं काही कळलं नाही. कळूनही उपयोग नव्हता. तिला भत्ता नको होता, एका जागी अंथरूण हवं होतं.

मग मुरमाला भाव आला. २०१७ला काकडीला विमानतळ झाला, २०२२ला नागपूरहून समृद्धी महामार्ग आला, आणि ज्या तुकड्यावर काकू रुसल्या होत्या तिथे लॉज बांधायला गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. गिऱ्हाइकाच्या वकिलानं सातबारा बघितला आणि 'इतर हक्कात' बोट ठेवलं : बहिणींचं हक्कसोडपत्र आणा.

आमच्या दोन आत्यांची गंमत अशी, की थोरलीचं लग्न १९८१चं आणि धाकटीचं १९९६चं. महाराष्ट्रानं १९९४ला मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे एकाच चुलीवरच्या दोघींपैकी धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही! २००५च्या केंद्राच्या दुरुस्तीनं हा भेद पुसला. तरी धाकटे काका म्हणायचे, वडील त्याआधीच वारले, मग हक्क कसला? ११ ऑगस्ट २०२०ला सुप्रीम कोर्टानं तीही पळवाट बुजवली. २० डिसेंबर २००४च्या आधीची वाटणी कायद्यानं मानली आहे, पण ती रजिस्टर झालेली किंवा कोर्टाच्या हुकमाची. आजोबांच्या काठीची नव्हे.

राहात्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेर, चहाच्या गाडीजवळ, थोरली आत्या बाकावर बसली होती. काकांनी तिला नवी इरकली नेसवून आणली होती. तिचा चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी कागद वाचून दाखवला. 'राजीखुशीने, विनामोबदला' इथपर्यंत आले आणि तिनं हात वर केला.

"खुशी कुणाची, ते लिहिलंय का त्यात?"

काका म्हणाले, "अक्का, अगं असंच लिहायची पद्धत असते."

"मग पद्धतीचीच सही घे," असं म्हणून तिनं चहा संपवला आणि कोपरगावची एस.टी. धरली.

काका दोन दिवाळ्या तिच्या घरी गेले नाहीत. मला वाटतं, जमिनीपेक्षा त्यांना ती चहाची गाडी जास्त लागली. तिथे चार ओळखीचे उभे होते. शेवटी तहसीलदारांपुढे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ची वाटणी झाली, सगळ्यांच्या संमतीनं. थोरल्या आत्याला पंधरा गुंठे मिळाले, तेही मुरमाचे, रस्त्यालगत. धाकटीनं मात्र खरोखरच आपल्या मर्जीनं हक्क सोडला. का, ते तिनं सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

त्या अकरांतले आम्ही आता साठीला टेकलो. मी माझं मृत्युपत्र साध्या कागदावर लिहून ठेवलं आहे. त्याला स्टॅम्प लागत नाही, रजिस्टर करणं ऐच्छिक असतं. सही करताना दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही द्यायचं त्यांना साक्षीला बसवू नये. माझे साक्षीदार म्हणजे शेजारचे निवृत्त मास्तर आणि समोरचा हारवाला. वडलांच्या पेरूच्या बागेवर भावांबरोबर माझंही नाव आहे. बागेकडे हल्ली एक एजंट फेऱ्या मारतो, असं ऐकते.

यंदा भाऊबीजेला भावानं ओवाळणीच्या ताटात लांबट पाकीट टाकलं. मी ते त्याच्यासमोरच उघडलं. पैसेच होते.