जांभळ्या रंगाची साक्ष

कुणी काळपट, चिकट अर्काची बाटली घेऊन आलं की प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, यानं कॅन्सरच्या पेशी मरतात का?” मरतात हो. पुरेसा दाट ओतला तर चहापत्तीच्या अर्कानंही मरतात.

आमच्या बंगळुरूच्या प्रयोगशाळेत हे काम ९६ खळग्यांच्या प्लेटवर चालतं. पेशी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून येतात. अर्क डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा, पण खळग्यात ते अर्ध्या टक्क्याच्या आतच ठेवायचं. नाहीतर पेशी मारतं डीएमएसओ आणि नाव होतं वनस्पतीचं. मग एमटीटी हे रंगद्रव्य घालायचं. टिम मोसमान यांनी १९८३ मध्ये मांडलेली ही रीत. पिवळं एमटीटी जिवंत पेशीत जांभळं होतं, तळाशी सुयांसारखे स्फटिक साचतात, ते विरघळवून यंत्रावर रंग मोजायचा. जितकं जांभळं, तितक्या पेशी जिवंत. पण आवळा, हिरडा यांचे तुरट अर्क पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करून सोडतात. म्हणून मी प्रत्येक प्लेटवर एक ओळ बिनपेशींची ठेवते, नुसतं माध्यम आणि अर्क. ज्या शोधनिबंधात ही ओळ नसते तो मी वाचते, मानत नाही.

चेतापेशींची तऱ्हा आणखी न्यारी. ज्यांना आम्ही सर्रास न्यूरॉन म्हणतो त्या एसएच-एसवाय५वाय पेशी मुळात चार वर्षांच्या एका मुलीच्या न्यूरोब्लास्टोमातल्या, म्हणजे कर्करोगाच्याच. रेटिनॉइक आम्ल देऊन आठवडाभर सांभाळलं, की त्या वाढ आवरतात आणि लांब, बारीक धागे काढतात. त्यांच्याबाबत ‘मेली की जगली’ एवढं विचारून भागत नाही. सदाफुलीतलं विन्क्रिस्टिन घ्या. पेशी दुभंगताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते मोडतं, म्हणून रक्ताच्या कर्करोगावर चालतं. पण चेतातंतूंतली मालवाहतूकही त्याच नलिकांवरून होते, म्हणून रुग्णाच्या हातापायांना मुंग्या येतात. पेशी जिवंत, रंग जांभळा आणि धागा मात्र आखडलेला, असं होऊ शकतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली धाग्यांची लांबी मोजत बसावं लागतं. कंटाळवाणं काम, विद्यार्थी हमखास टाळतात.

आणि काही गोष्टी प्लेटवर दिसतच नाहीत. मेंदूशास्त्रज्ञ विजयालक्ष्मी रवींद्रनाथ यांच्या गटानं अल्झायमरसारखा विकार असलेल्या उंदरांना अश्वगंधेच्या मुळाचा अर्क महिनाभर तोंडावाटे दिला. त्यांची स्मरणशक्ती सुधारली, या विकारात मेंदूत साचणारं अमायलॉइड घटलं. २०१२ मध्ये छापून आलेल्या या कामातलं कारण निघालं यकृतात: तिथलं एलआरपी हे प्रथिन वाढलं आणि अमायलॉइड मेंदूतून रक्तात खेचलं गेलं. नुसत्या चेतापेशींवर अर्क ओतून हे जन्मात कळलं नसतं.

तेव्हापासून पोटात घ्यायच्या अर्कासाठी मी यकृताच्या हेपजी२ पेशींचीही प्लेट लावते. त्याही कर्करोगाच्याच, अर्थात. पण निदान विचारायला यकृताचं कुणीतरी असतं.