गाडी उलटी का निघायची?

नगरच्या माणसाला उलट्या निघणाऱ्या गाडीचं अप्रूप नाही. मनमाडकडून पुण्याला निघालेली गाडी दौंडला थांबायची, इंजिन सुटून शेपटाकडे लागायचं आणि आतापर्यंत तोंडावर येणारं वारं पाठीवर यायचं. हल्ली कॉर्ड लाइनमुळे बऱ्याच गाड्या तो फेरा टाळतात. माझे मामा दौंडच्या लोकोशेडात होते. आम्ही कुरकुरलो की म्हणायचे, “खंडाळ्याला तर गाडी भर कड्यावर उलटी फिरायची.” त्यांनीही ते शेडातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेलं.

ती जागा बघायला पुण्याच्या मित्राला घेऊन गेलो. अमृतांजन पूल जिथे होता (1830चा तो पूल 2020च्या टाळेबंदीत पाडला), तिथून खाली द्रुतगती मार्गाची घरघर आणि समोर नागफणी. रस्त्याकडेला काळ्या घडीव दगडांचा बांध दिसला, सांध्यांतून उंबराची रोपं फुटलेली. तो रेल्वेचा की रस्त्याचा, यावर आमचं बराच वेळ वाजलं.

कर्जतकडून चढत आलेली गाडी इथल्या चिंचोळ्या सपाटीवर येऊन थांबे. पुढे सरळ दरी. मग इंजिन दुसऱ्या टोकाला जोडायचं आणि गाडी आल्या दिशेलाच, पण वेगळ्या रुळांवरून, वर खंडाळ्याकडे काढायची. हेच रिव्हर्सिंग स्टेशन. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना या बोरघाटात सुमारे 25 किलोमीटरांत 1831 फूट चढायचं होतं. तीव्र चढ 37 फुटांना एक फूट, आणि कड्यावर गाडी वळवायला जागा नाही. दौंडला उलटं फिरणं स्टेशनच्या आखणीमुळे होतं, इथे डोंगरानेच भाग पाडलं.

काम 1856 साली सुरू झालं. मजुरी थकली म्हणून 1859मध्ये मजुरांनी दंगा केला आणि फॅविएल या कंत्राटदाराच्या हातून काम गेलं. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इथे येऊन काही आठवड्यांतच वारला. त्याच्या बायकोने, अ‍ॅलिसने, कंत्राट आपल्याकडे घेतलं आणि विश्वासू अभियंत्यांकरवी तडीस नेलं. 1863मध्ये घाट खुला झाला. तिचं कौतुक व्हायलाच हवं. पण या कामावर पटकीने मेलेल्या मजुरांपैकी एकाचंही नाव मला कुठे सापडलं नाही. लोकांनी जपलंय ते शिंगरोबा धनगराचं: इंग्रजांना घाटाची वाट दाखवली आणि त्यांच्याच गोळीने गेला, अशी आख्यायिका. जुन्या रस्त्यावर त्याचं देऊळ आहे. आम्हीही गाडी थांबवून नाणं टाकलं.

1929च्या सुमारास बोगद्यांतून नवा मार्ग झाला, विजेची इंजिनं आली आणि उलटं फिरणं संपलं. पुढच्याच वर्षी दख्खनची राणी धावू लागली.

मित्र म्हणाला, “तुम्हा नगरकरांना या घाटाचं एवढं काय?” आता काय सांगायचं! थळ घाटाची लाइन आणि बोरघाटाची लाइन जोडणाऱ्या, 1878च्या दौंड–मनमाड मार्गावर आमचं गाव. मुंबईला जायचं तर या घाटातून किंवा त्या, वळसा ठरलेलाच. माळशेजमधून कल्याण–नगर रेल्वे व्हावी म्हणून निवेदनं जातात, सर्वेक्षणं होतात. इकडे मात्र रेल्वेने एक घाट बांधला, 66 वर्षं वापरला, त्यातला तुकडा सोडून दुसरा काढला. हेवा वाटणार नाही तर काय?

“मग माळशेजच्या गाडीने ये पुढच्या वेळी,” असं म्हणून त्याने मला पुण्याला एसटी स्टँडवर सोडलं.